करंट वाहत असताना मोजा

नंदुरबारहून निघालेली मित्राची जुनी दोन आसनी स्पोर्ट्स कार तापीचा पूल ओलांडून प्रकाशा गावात पोचली, तेव्हा ती फक्त आयडलवर टिकत होती. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन गुदमरायचं. लक्षण पेट्रोल कमी पडण्याचं, आणि त्यावर आधीच्या एका गॅरेजमध्ये नवा पंप बसवूनही झाला होता.

इथला वायरमन एरवी शेतीच्या मोटारी बघतो. तापीकाठच्या ऊस-केळीच्या पट्ट्यात कमी व्होल्टेज म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. विहिरीवरची थ्री फेज मोटर कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून जळते. गाडीच्या टाकीतला डीसी पंप मात्र नुसता मंद फिरतो. आयडलपुरतं पेट्रोल देतो, भार पडल्यावर लागेल तेवढं देत नाही. पंप गेला, असं वाटतं ते त्यामुळेच.

त्याने आधी कान दिला. चावी ऑन करताच पंप दोनेक सेकंद गुणगुणला आणि थांबला. म्हणजे रिलेला हुकूम मिळत होता. मग मीटरच्या क्लिपा पंपाच्या कनेक्टरला लावल्या, रिले उपसून ३० आणि ८७ या खाचा फ्यूज असलेल्या वायरने जोडल्या. हा जोड टाकीपासून दूर, रिलेच्या पेटीतच द्यायचा. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते.

पंप चालू असताना बॅटरीवर १२.४ व्होल्ट, पंपावर ८.९.

“भाऊ, पंप बराबर शे,” तो म्हणाला.

साडेतीन व्होल्ट वाटेत गळत होते. बॅटरीच्या निगेटिव्हपासून लांब वायर आणून तिच्यात आणि पंपाच्या निगेटिव्हमध्ये त्याने व्होल्टेज पाहिलं: २.७. तिथे जवळजवळ शून्य हवं. या गाडीची बॉडी फायबरग्लासची, गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची होती तशी. पत्र्याच्या गाडीत बॉडीच निगेटिव्हची वाट असते. इथे अर्थची वायर चॅसीपर्यंत न्यावी लागते. तिथल्या बोल्टाखालचं टर्मिनल हिरवं पडलं होतं आणि वायरचं आवरण तापून तपकिरी झालं होतं.

पंप पाच अँपिअर ओढत असेल तर २.७ व्होल्ट म्हणजे जेमतेम अर्धा ओहम, आणि त्या एवढ्याशा जोडात साडेतेरा वॅट उष्णता. पंप बंद ठेवून ओहम मोजले असते तर साध्या मीटरवर हा अर्धा ओहम प्रोबच्या स्वतःच्या रोधात सहज लपला असता. पंपाचा कनेक्टर सोडवून व्होल्टेज मोजलं असतं तर तेही पुरं बारा दिसलं असतं, कारण करंट वाहत नसताना वायरचा एक शाबूत धागासुद्धा तेवढं दाखवतो. चांगले पंप भंगारात जातात ते अशा मोजणीमुळे, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बोल्ट घासून चकचकीत केला, वायर कापून नवं टर्मिनल दाबून बसवलं. निगेटिव्हकडचं २.७ आता ०.१ झालं, पंपावर साडेअकरा आले. मित्र चावीकडे वळला, पण वायरमनने थांबवलं. पॉझिटिव्हकडचे ०.८ अजून शिल्लक होते. त्याने फ्यूजबॉक्सचं झाकण उघडलं.