दाढ दुखण्याआधी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या वसतिगृहातील सातवीच्या एका विद्यार्थिनीने सहामाही परीक्षेत गणिताची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी दिली. मुलगी हुशार, गणितात तर विशेष. आम्ही कारण विचारले तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. शेवटी तिने गालावरचा हात काढला. गाल सुजलेला होता. दाढ दोन महिन्यांपासून ठणकत होती. “घरी कळवलं तर बाबांना उचल घ्यावी लागेल,” एवढेच ती म्हणाली. पुढे त्या दाढेचे रूट कॅनाल करावे लागले, वर कॅप बसवावी लागली आणि वडिलांना मुकादमाकडून उचल घ्यावीच लागली. जो खर्च वाचवण्यासाठी लेकरू गप्प राहिले, तो गप्प राहिल्यामुळेच वाढला. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन या एका वाक्यात आहे.

दाताचे दुखणे उशिरा कळते, यामागे शरीररचनेचे कारण आहे. तोंडातील जिवाणू साखर व पिठूळ अन्नकणांपासून आम्ल तयार करतात आणि ते दाताचे वरचे कठीण कवच झिजवते. या कवचात संवेदना नसते. त्यामुळे कीड कवचापुरती असेतो दुखत नाही. ती आतल्या थरात उतरली की थंड-गोड पदार्थांनी शिरशिरी येते. आतल्या नसेपर्यंत पोहोचली की रात्रीची झोप उडते. पहिल्या दोन टप्प्यांत दात स्वच्छ करून सिमेंट भरले की बहुधा एका बैठकीत काम होते. तिसऱ्या टप्प्यात रूट कॅनाल व कॅप. तेही टाळले तर दात काढावा लागतो. मग रिकाम्या जागेसाठी कवळी, ब्रिज किंवा इम्प्लांट. प्रत्येक पायरीवर खर्च वाढत जातो. म्हणून दंतोपचारातील सर्वांत मोठी बचत म्हणजे दुखण्याआधी केलेली तपासणी होय. वर्षातून किमान एकदा ती प्रत्येकाने करून घ्यावी.

पालकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. दात पडलेला नसल्यामुळे ती दुधाचीच आहे, असा समज होतो. ती किडली तरी ‘पडेल आपोआप’ म्हणून दुर्लक्ष होते. ती पडून दुसरी येत नाही. ती आयुष्यभरासाठी असते. मूल पहिलीत गेले की त्याला उजेडात उभे करून या चार दाढा पाहाव्यात. काळा ठिपका अथवा खड्डा दिसला की दंतवैद्याकडे न्यावे.

आता उपचार कोठे घ्यावेत? मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व महानगरपालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय, तसेच नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये ही आपल्या राज्यातील मोठी सार्वजनिक केंद्रे आहेत. तेथे खाजगी दवाखान्याच्या तुलनेत फार कमी शुल्क लागते. कॅप व कवळी यांचे शुल्क वेगळे असू शकते. ते आधी विचारावे. जिल्हा रुग्णालयांत व अनेक उपजिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क आहेत. खाजगी दंत महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी उपचार करतात आणि शुल्क माफक असते. या ठिकाणी पैसा वाचतो, वेळ मात्र द्यावा लागतो. म्हणून सकाळी लवकर जावे, आधीचे केसपेपर व एक्स-रे सोबत न्यावेत आणि पुढची तारीख चुकवू नये. अर्धवट सोडलेले रूट कॅनाल पुन्हा पहिल्यापासून करावे लागू शकते.

शाळकरी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातील पथके शासकीय व अनुदानित शाळांत तपासणी करतात आणि त्यात दातांचाही समावेश असतो. पथकाने संदर्भचिठ्ठी दिली, तर ती दप्तरात पडून राहू देऊ नये.

नोकरीला लागलेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांना शासकीय रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे कमीपणाचे वाटते, असे आमच्या पाहण्यात आले आहे. ही रुग्णालये कोणाच्या दयेवर चालत नाहीत. ती जनतेच्या पैशातून उभी आहेत. सार्वजनिक पाणवठ्यावर समान हक्क सांगण्यासाठी आपल्या पूर्वजांनी १९२७ मध्ये महाडला लाठ्या खाल्ल्या. सार्वजनिक सेवेचा वापर करणे आणि ती चांगली चालावी म्हणून आग्रह धरणे, हा त्याच हक्काचा भाग आहे.

खाजगी दवाखान्यात जावे लागले तर संकोच न करता चार प्रश्न विचारावेत. आजच काय करणे आवश्यक आहे आणि काय थांबू शकते? याला दुसरा, स्वस्त पर्याय कोणता? एकूण खर्च लेखी मिळेल का? हप्त्याहप्त्याने देता येईल का? मागच्या दाढेला धातूची कॅप पुरेशी असेल, तर केवळ रंगासाठी महागडी घेण्याचे कारण नाही. मोठ्या खर्चाचा सल्ला मिळाल्यास दुसऱ्या दंतवैद्याचे मत घ्यावे. मात्र स्वस्ताईच्या मोहाने बाजारात दात बसवून देणाऱ्या, नोंदणी नसलेल्या माणसाकडे जाऊ नये. दाढेवर तंबाखू किंवा वेदनाशामक गोळी दाबून धरू नये, हिरडी भाजते. औषध दुकानातून स्वतःच प्रतिजैविके आणून घेऊ नयेत. सुजेसोबत ताप येत असेल, तोंड उघडत नसेल किंवा गिळताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. हा जिवाचा प्रश्न असतो.

रोजची निगा मात्र जवळजवळ फुकट आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठाची अनुज्ञा दिली आणि त्याचे पाच लाभ सांगितले. लांब काष्ठांनी काही भिक्खू श्रामणेरांना मारू लागले, म्हणून कमाल लांबी आठ अंगुळे ठरली. आखूड काष्ठ एका भिक्खूच्या घशात अडकले, म्हणून किमान चार अंगुळे ठरली. निवासी जीवनात बारीकसारीक नियम का लागतात, हे आपल्या वसतिगृहात राहिलेल्यांना वेगळे सांगायला नको! आज दंतकाष्ठाच्या जागी मऊ ब्रश व फ्लोराईडयुक्त पेस्ट आली. सकाळी आणि रात्री जेवणानंतर दोन मिनिटे घासणे पुरेसे आहे. लहान मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी.

आणखी एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. पंचशीलातील पाचवे शील आपण रोज ग्रहण करतो, पण मिश्री, तंबाखू व गुटखा यांना त्यातून सोयीने वगळतो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मिश्री मात्र अजूनही घरोघरी ‘दात घासण्यासाठी’ वापरली जाते. तिने दात राखले जात नाहीत. हिरड्या सैल होतात आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो.

त्या विद्यार्थिनीच्या प्रसंगानंतर आपल्या वसतिगृहात एक साधा नियम आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, वंदनेनंतर, प्रत्येक मूल खिडकीजवळ येऊन तोंड उघडते आणि अधीक्षिका दाढा पाहून वहीत नोंद करतात. खर्च एका वहीचा. हा नियम प्रत्येक घरी सुरू व्हावा, आणि पैशाच्या भीतीने कोणतेही लेकरू गालावर हात ठेवून गप्प बसू नये, एवढीच आमची अपेक्षा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!