हळू चालणारी फोर्कलिफ्ट

जुन्या जालन्याच्या अरुंद गल्ल्यांतल्या दुकानांत फोर्कलिफ्ट मावत नाही. ती भेटते मोठ्या गोदामांत, नाहीतर एमआयडीसीत माल भरताना. रोजची ओळख नसल्यामुळेच दुकानातला पोऱ्या तिथे गेला की तिच्यापाशी बिनधास्त उभा राहतो. ‘हळू तर चालते, काय करणार?’

तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांहून जड असते, कारण पुढच्या मालाला तोलायला मागे लोखंडी वजन ठेवावं लागतं. ती वळते मागच्या चाकांवर. त्यामुळे पुढचं तोंड जरा फिरलं की मागचा भाग झपकन बाहेर येतो आणि भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये उभा असलेला माणूस सापडतो. अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-सुरक्षा संस्थेने १९८० ते १९९४ मधल्या १,०२१ फोर्कलिफ्ट-मृत्यूंची छाननी केली. २२ टक्के यंत्र उलटून झाले होते, २० टक्के पायी असलेल्या कामगाराला धडक बसून.

उलटायला लागली की उडी मारावी, हा समज तर घातकच. उडी मारणारा बहुधा छताच्या पोलादी चौकटीखाली येतो. बसून चालवायच्या यंत्रात पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून, पडण्याच्या उलट बाजूला झुकायचं.

‘पाटीवर दोन टन लिहिलंय, म्हणजे दोन टन उचलणारच’ हेही अर्धसत्य. ती क्षमता मालाचा मध्य काट्यांच्या मुळापासून ठरावीक अंतरावर, बहुधा ५०० मिलिमीटरवर, असतानाची. माल पुढे सरकला किंवा उंच उचलला की क्षमता घटते. जालन्यात तयार होणाऱ्या लांब सळया आडव्या नेताना तर टोकं वळणावर कुणाच्या पोटात जातील, याचा नेम नाही.

मग हमालाची पाठच बरी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला शंभर किलोंच्या पोत्याविरुद्ध लढावं लागलं, ते उगाच नव्हे.

सर्वांत महाग पडणारा समज मात्र कायद्याचा: ‘चूक तुझी, भरपाई नाही.’ साधा निष्काळजीपणा भरपाई बुडवत नाही. दारू पिऊन किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून झालेल्या दुखापतीत मालकाची सुटका होऊ शकते. पण मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाही. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यातली ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ईएसआय म्हणजे राज्य विमा योजनेखालच्या कामगाराला तर कामावरच्या अपघातासाठी आधी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असण्याची अटही नाही.