कुठलं झुडूप कुठं जगेल?



माण, खटाव, आटपाडी हा आपला दुष्काळी पट्टा. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास. इथं रोप लावणं सोपं, जगवणं अवघड. उन्हाळ्यात हंडा घेऊन टेकडी चढायची वेळ येते ती आपल्यावरच. म्हणून गटांच्या बैठकीत आम्ही सांगतो, खड्डा खणायच्या आधी जागा ओळखा.

शास्त्रज्ञ जागा कशी ओळखतात? समजा, तरवड लावायचा आहे. तो आपणहून कुठंकुठं उगवलाय, ते आधी नोंदवतात. तिथला पाऊस, उष्णता, माती, उंची, उतार पाहतात. मग तशीच जागा आणखी कुठं आहे, ते संगणक शोधतो आणि नकाशात रंगवून दाखवतो.

पण नकाशा मोठ्या भागाचा असतो. टेकडीच्या दोन अंगांतला फरक आपल्यालाच माहीत. दक्षिणेकडचा उतार जास्त तापतो, उत्तरेकडे ओल जरा टिकते. तरवड, हेकळ मुरमाड माळावर तग धरतात. निरगुडीला ओढ्याकाठची ओल मानवते.

तेव्हा गटानं शिवारफेरी काढावी. झुडपाचं नाव, उताराची दिशा, मातीची खोली वहीत लिहावी. शेरडं राखणाऱ्या आजींना सोबत घ्यावं. पूर्वी कुठं काय होतं, ते त्यांना ठाऊक असतं.

इथं एक मेख आहे. माळावर तरवडच दिसतो, म्हणून तिथं दुसरं काही येतच नाही असं नाही. तरवडाला गुरंशेरडं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो उरतो. बोरीचा कोवळा शेंडा मात्र लगेच खुडला जातो. म्हणून देवराईत, काटेरी कुंपणाच्या आत, शेळी पोचत नाही अशा कपारीत काय उगवलंय ते जरूर पाहा. जमिनीची खरी ताकद तिथं कळते.

आणि गवताचं कुरण म्हणजे रिकामी जमीन नव्हे. तो आपल्या जनावरांचा चारा आहे, तिथं खड्डे नकोत.

जागा ठरली, तरी पहिल्या पावसात प्रत्येक ठिकाणी थोडीच रोपं लावा, चराईपासून राखा आणि पुढच्या मे महिन्यात मोजा. जिथं जास्त जगली, तिथंच पुढच्या वर्षी वाढवा. म्हणजे हंड्यातलं पाणी आणि आपले कष्ट वाया जाणार नाहीत.