झोतभट्टीभोवतीचं रान

जर्मनीच्या रूर खोऱ्यातलं ड्यूसबुर्ग कोळशावर आणि लोखंडावर वाढलं. शहराच्या उत्तरेला माइडरिखमध्ये थिसेन कंपनीने 1901 च्या सुमारास उभारलेला लोखंडाचा कारखाना 1985 मध्ये बंद झाला. मागे राहिल्या थंड भट्ट्या, डांबर आणि जड धातू मुरलेली माती आणि सांडपाण्याने काळा पडलेला जुन्या एमशर नदीचा प्रवाह. भट्ट्या पाडायचं घाटत होतं. स्थानिक नागरिक आडवे आले. मग पेटर लात्स या भूदृश्य-रचनाकाराच्या आराखड्यातून सुमारे 180 हेक्टरचं उद्यान आकाराला आलं आणि 1994 मध्ये खुलं झालं. आता जुन्या वायुटाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात, खनिजाच्या कोठारांच्या भिंतींवर गिर्यारोहक चढतात.

मला मात्र भावले पाचव्या क्रमांकाची भट्टी दाखवणारे आजोबा. उमेदीची वर्षं त्यांनी याच भट्टीवर काढली. भट्टीचं तोंड फोडलं की लाल रस वाळूच्या चरांतून कसा धावे, वर तरंगणारी मळी वेगळ्या चरीने कशी वळवायची, हे ते हातवारे करत सांगतात. भट्टीच्या माथ्यावर नेऊन त्यांनी खालची झाडी दाखवली. परदेशातून खनिज आलं, त्याबरोबर तिकडचं बीही आलं आणि रुळांच्या कडेला रुजलं. उद्यानात आज 700 हून अधिक जातींच्या वनस्पती आहेत.

इथलं सगळं विष उपसलेलं नाही. ते उपसून न्यायचं तर दुसऱ्या कुणाच्या तरी दारात टाकावं लागलं असतं. सर्वांत दूषित भाग पाडून त्याचा राडारोडा जुन्या कोठारांत बंद केला आणि वर बागा केल्या. सांडपाणी जमिनीखालच्या नळात घातलं. वरच्या कालव्यात पावसाचं पाणी खेळतं. काही जमिनीवर बर्चची झाडं आपसूक वाढू दिली आहेत.

हे पाहताना मुंबईतलं कापडगिरण्यांचं गिरणगाव आठवतंच. 1991 च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीतला मोठा वाटा मोकळ्या जागांना आणि सार्वजनिक घरांना मिळायचा होता. 2001 च्या बदलानंतर हा हिशेब फक्त रिकाम्या पडलेल्या जमिनीपुरता उरला आणि शहराच्या पदरात फारच थोडं पडलं. लालबाग-परळला टॉवर उठले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रसंग्रहालय करायचं ठरलं, त्याची वाट मुंबई अनेक वर्षं पाहते आहे.

गिरण्यांच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर, उभं आयुष्य काढलेली माणसं अजून आपल्यात आहेत, पण त्यांची वयं झाली आहेत. संग्रहालय त्यांच्या हयातीत उघडायला हवं आणि ते दाखवायचा मान त्यांनाच मिळायला हवा. साच्याला हात लावून बोलणारा माणूस नसेल, तर तिथे नुसती यंत्रं उरतील.