रुंद टायर टाकू का? पोलो जीटीच्या निमित्ताने

या वेळच्या भागाचा हा लिहून काढलेला मजकूर. आज आकडे बरेच आहेत आणि आकडे कानाने पकडणं अवघड जातं, त्यामुळे ज्यांनी भाग ऐकलाय त्यांनीही एकदा नजर टाका.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. चिंचवडच्या एका श्रोत्याने २०१५ ची पोलो जीटी टीएसआय सेकंड हँड घेतली आहे. टायर झिजलेत. कंपनीचा साइज १८५/६० आर १५. टायरच्या दुकानात त्याला सांगण्यात आलं, "एवढी पळणारी गाडी आणि असले बारके टायर? १७ चे अलॉय टाक, २१५ बसव, रस्त्याला चिकटून चालेल." तर दादा, टाकू का, असा प्रश्न. आणि नोट संपता संपता तो सहज म्हणून गेला की गाव माणगावकडे आहे, दर पंधरा दिवसांनी ताम्हिणीतून जाणं होतं.

मित्रा, तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेवटच्या वाक्यात आहे. पण आधी उरलेलं अर्धं बघू.

गाडी कुठली ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ही आपल्या चाकणला बनलेली, २०१३ मध्ये आलेली जीटी टीएसआय. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन मीटर, वजन साधारण ११०० किलो. आकडे आज किरकोळ वाटतील, पण एवढ्या हलक्या गाडीत हा टॉर्क चांगलाच जाणवतो. पहिल्या गिअरमध्ये ओल्या रस्त्यावर पाय जोरात दिला की पुढची चाकं जागच्या जागी फिरतात. त्यामुळे "टायर कमी पडतायत" ही त्याची भावना खोटी नाही.

आता टायरवरचं वाचू. १८५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ही एका साइडवॉलपासून दुसऱ्या साइडवॉलपर्यंतची रुंदी आहे, रस्त्याला टेकणारी पट्टी त्याहून अरुंद असते. ६० म्हणजे साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर. १५ हा रिमचा व्यास, इंचात. रिम ३८१ मिलिमीटर, त्यात वर-खाली मिळून २२२ घाला. चाकाचा पूर्ण व्यास आला ६०३ मिलिमीटर.

हा ६०३ लक्षात ठेवा. गाडीचा स्पीडोमीटर, ओडोमीटर, गिअरिंग, फेंडरमधली जागा, सगळं या आकड्याभोवती बेतलेलं असतं. साइज बदलताना व्यास तीन टक्क्यांपेक्षा जास्त सरकू द्यायचा नाही, हा सर्वसाधारण नियम. दुकानदाराने सांगितलेला २१५ जर २१५/४० आर १७ असेल, तर व्यास येतो ६०४. म्हणजे इथे तो अगदी बरोबर आहे! पण स्टॉक नाही म्हणून त्याने २१५/४५ आर १७ चढवला, तर व्यास होतो ६२५. पावणेचार टक्के जास्त. स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायला लागतो, पिकअप थोडा मंदावतो आणि वळताना टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. ४० आणि ४५ ऐकायला एकसारखेच, म्हणून दुकानात साइज तोंडी घेऊ नका, टायरवर वाचा.

व्यास जुळला म्हणजे झालं का? नाही. मुख्य मुद्दा इथून पुढे आहे.

आपली सगळ्यांची समजूत अशी, की रुंद टायर म्हणजे रस्त्याला जास्त रबर टेकतं. बघू या. पोलोच्या पुढच्या एका चाकावर ढोबळमानाने ३३० किलो वजन येतं. टायरमध्ये ३३ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. ३३० ला २.३ ने भागलं तर आले सुमारे १४० चौरस सेंटिमीटर. तुमच्या पसरलेल्या हाताच्या पंजाएवढी जागा. वजन तेच आणि हवा तीच असेल, तर टायर १८५ चा असो की २१५ चा, ही जागा जवळपास तेवढीच राहते. साइडवॉलचा कडकपणा थोडा फरक पाडतो, पण थोडाच. बदलतो तो आकार. अरुंद टायरचा ठसा लांबट, तर रुंद टायरचा ठसा आडवा आणि आखूड.

मग रेसच्या गाड्यांना एवढे रुंद टायर कशाला? २०१७ मध्ये फॉर्म्युला वनने पुढचे टायर २४५ वरून ३०५ आणि मागचे ३२५ वरून ४०५ मिलिमीटर केले, ते काय फोटोसाठी? अर्थातच नाही. अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकवलं होतं की घर्षण क्षेत्रफळावर अवलंबून नसतं. रबर ते धडे पाळत नाही. वळणावर टायरचं रबर ठशाच्या पुढच्या टोकाला रस्ता पकडतं आणि मागे जाता जाता आडवं ताणलं जातं. ठसा लांब असेल तर मागच्या टोकाचं रबर लवकर सुटून घसरायला लागतं. ठसा आखूड आणि रुंद असेल तर ताण जास्त समान वाटला जातो, उष्णताही पसरते. वर साइडवॉल बुटकी, त्यामुळे स्टिअरिंग फिरवल्यावर टायर आधी वाकत नाही, लगेच वळतो. कोरड्या, गुळगुळीत, तापलेल्या रस्त्यावर हा फायदा खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण यातही रुंदीपेक्षा मोठा वाटा कंपाउंडचा, म्हणजे रबराच्या जातीचा. चांगल्या कंपाउंडचा १८५ हा कडक, स्वस्त २१५ ला कोरड्यात गाठतो आणि ओल्यात मागे टाकतो. गंमत म्हणून टोयोटा ८६ चं उदाहरण घ्या. २०१२ मध्ये आलेली, २०० पीएसची, मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार. तिला कंपनीने मुद्दाम २१५/४५ आर १७ चे मिशेलिन प्रायमसी एचपी दिले, जे टायर प्रियससारख्या मायलेजवाल्या गाडीलाही मिळत. कारण बनवणाऱ्यांना गाडी बेताच्या वेगातही खेळकर वाटायला हवी होती. २०० पीएसच्या गाडीला २१५ पुरतात, तर १०५ पीएसच्या पोलोला त्याशिवाय चालणारच नाही, हे काही मला पटत नाही.

आता ताम्हिणी. जुलैचा पाऊस, मुळशी सोडल्यावर धुकं, रस्त्यावर आडवे वाहणारे पाण्याचे पट्टे. इथे टायरचं काम रबर टेकवण्याआधी पाणी हटवण्याचं असतं. अरुंद टायर पाण्यात नांगराच्या फाळासारखा घुसतो. रुंद टायरला त्याच क्षणात जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, आणि ठसा आखूड असल्यामुळे त्यासाठी वेळही कमी मिळतो. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पाणी हटत नाही, टायर त्याच्यावर चढतो. याला ॲक्वाप्लेनिंग म्हणतात. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेकला उत्तर मिळत नाही. गाडी तुमची राहतच नाही. बाकी सगळं सारखं असेल तर रुंद टायरवर हे आधी, म्हणजे कमी वेगाला होतं. टायर झिजलेला किंवा हवा कमी असेल तर आणखी आधी. आपल्याकडे कायद्याने १.६ मिलिमीटर खाच उरेपर्यंत टायर चालतो. घाटात दर पंधरा दिवसांनी जाणाऱ्याने तीन मिलिमीटरलाच टायर बदलावा असं माझं मत आहे. कंजूषपणा करायचा तर सीट कव्हरमध्ये करा.

शिवाय खड्डे. ६० वरून ४० च्या साइडवॉलवर आलात की रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात १११ ऐवजी ८६ मिलिमीटर उरतात. हे २५ मिलिमीटर म्हणजे कधी टायरला आलेला फुगा, तर कधी वाकलेला रिम.

अजून एक गोष्ट, जी दुकानात जवळजवळ कुणीच सांगत नाही. साइजनंतर ८४ एच वगैरे लिहिलेलं असतं. ८४ हा लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर ५०० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत. २१५/४० आर १७ हा साध्या बांधणीत ८३ चा येतो, म्हणजे ४८७ किलो. दिसायला दांडगा टायर, आणि पेलतो मूळ बारक्या टायरपेक्षा कमी! त्यात एक्सएल लिहिलेला घेतला तर ८७, म्हणजे ५४५ किलो, पण तो आकडा गाठायला त्यात हवाही जास्त भरावी लागते. दारावरच्या स्टिकरवरची हवा त्याला लागू होत नाही. कंपनीच्या इंडेक्सपेक्षा खाली कधीच जायचं नाही.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाहीये. काही वर्षांपूर्वी माझ्या जुन्या हॅचबॅकला मी हौसेने रुंद अलॉय आणि टायर बसवले होते. एकटा फिरत होतो तोवर झकास. एकदा पाच जण कासला निघालो, डिकीत सामान. मेढ्याच्या पुढे प्रत्येक गचक्याला मागून खर्र आवाज. मित्र म्हणाले सायलेन्सर असेल, मीही मानलं. वर पोहोचून बघितलं तर फेंडरच्या आतल्या कडेने टायरच्या साइडवॉलवर गोल चर पाडला होता, आतले धागे दिसायला आले होते. तिथून साताऱ्यापर्यंत आलो ते तीस-चाळीसच्या वर न जाता, मागच्या दोघांना एसटीत बसवून. चूक ऑफसेटची होती. रिमवर ईटी आणि पुढे आकडा लिहिलेला असतो. तो दहाने कमी झाला की चाक दहा मिलिमीटर बाहेर येतं. रिम एक इंच जास्त रुंद असेल तर दोन्ही बाजूंना पावणेतेरा मिलिमीटर वाढतात. दोन्ही एकत्र आलं की झाला माझ्यासारखा प्रकार. दुकानात गाडी रिकामी आणि जॅकवर असते, तिथे काहीच घासत नाही. म्हणून नवीन साइज बसवला की चार माणसं बसवून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, एखाद्या गतिरोधकावरून हळू नेऊन बघा. पोलोसाठी बोल्टचं माप ५ × १०० आणि मधलं भोक ५७.१ मिलिमीटर. भोक मोठं असेल तर मध्ये रिंग लागते, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि लोक उगाच बॅलन्सिंगवर पैसे घालत बसतात.

तर मित्रा, तुझ्या गाडीला मी काय टाकेन? आहेत त्याच १५ च्या रिमवर १९५/६० आर १५. व्यास ६१५, दोन टक्के वाढ. लोड इंडेक्स ८८. रिमच्या आतल्या बाजूला ६ जे कोरलेलं असेल तर हा साइज आरामात बसतो. अलॉयचे वाचलेले पैसे ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणाऱ्या टायरमध्ये घाल. दिसायचंच असेल, आणि ते वाईट नाही, हौस असतेच, तर १९५/५५ आर १६ घे. व्यास ६२१, म्हणजे तीन टक्क्यांच्या आतच, आणि नंतरच्या जीटीला कंपनीनेच हा साइज दिला होता. मालकाच्या पुस्तिकेत कुठले साइज चालतात ते बघ, त्याबाहेर जाणार असशील तर इन्शुरन्सवाल्यांना आधी लेखी विचार. २१५ ट्रॅकवर जायला लागलास, किंवा इंजिन रीमॅप केलंस, की तेव्हा पुन्हा व्हॉइस नोट पाठव.

आणि टायर घेताना साइडवॉलवरचे चार आकडे बघ. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडलेला टायर "नवा" म्हणून घेऊ नकोस. दोनच टायर घेणार असशील तर नवे मागे टाक, गाडी पुढच्या चाकांवर चालत असली तरी. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली तर ती आवरणं आपल्यापैकी बहुतेकांना जमत नाही. बसवून झाल्यावर पहिले दोनेकशे किलोमीटर सावकाश चालव, नव्या रबरावर साच्यातून काढायचं तेलकट आवरण असतं. म्हणजे पहिली फेरी ताम्हिणीची नको, आधी पुण्यातच फिरव.

बाकीच्यांनी आपापल्या गाडीच्या दारावरच्या स्टिकरचा फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात टायरमधल्या हवेबद्दल बोलणार आहोत, नायट्रोजनवाल्या भाऊंसकट.