अज्जांच्या पेटीचा खर्ज

घरात दोन भाषा असल्या की बहुतेक वस्तूंना दोन नावे असतात. आमच्याकडे पाणी आहे तसे नीरु आहे, भाकरी आहे तशी रोट्टी आहे. पेटी मात्र दोन्हीकडे पेटीच. वडिलांचे वडील भालकी तालुक्यातल्या आमच्या गावी भजनाला पेटीवर बसायचे. आईचे वडील, म्हणजे आळंदचे अज्जा, तरुणपणी कन्नड नाटक कंपनीत पेटी मास्तर होते. पट्टी सांगताना आजोबा ‘काळी एक’ म्हणायचे आणि अज्जा ‘करी ओंदु’. बोट दोघांचेही एकाच जागी पडायचे.

अज्जांची पेटी आज माझ्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात ती विकायची की ठेवायची यावरून आमच्या घरात महिनाभर वाद चालला. पुष्कळ घरांत माळ्यावर किंवा देवघराच्या कोपऱ्यात अशी एखादी पेटी असतेच, म्हणून ही हकिगत सांगतो.

वादाचे निमित्त माझा भाचा. तो कलबुर्गीला नोकरी करतो आणि हौसेने भजनी मंडळात वाजवतो. इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर शिकल्यामुळे त्याची बोटे पांढरी एकवरच चालतात. मंडळात पुरुष काळी एकमध्ये गातात, बायका पांढरी चार किंवा त्याहून वर. कीबोर्डवर बटण दाबले की पट्टी बदलते, पेटीवर कसे जमायचे? त्याला स्केल चेंजर हवा होता. दुकानात पंचेचाळीस हजार सांगितले. ‘‘मामा, अज्जांची पेटी देऊन टाकू, तेवढाच हातभार लागेल,’’ तो म्हणाला.

आम्ही पेटी एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने दोन पट्ट्या दाबल्या, उंदराने कुरतडलेला भाता पाहिला आणि ‘‘साडेतीन हजार’’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘‘आत जर्मन सूर असतील तर वेगळे बोलू.’’ दुसऱ्या महायुद्धापूर्वी आपल्याकडच्या पुष्कळ पेट्यांत जर्मनीहून आलेले सूर बसवत. पुढे ती आवक आटली आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर सगळीकडे गेले. पालिताण्याचा चांगला सूर काही कमी नसतो. पण बाजारात ‘जर्मन’ हा शब्द मंत्रासारखा चालतो. विकणारा प्रत्येक जुनी पेटी जर्मन म्हणतो आणि घेणारा एकही जर्मन मानत नाही.

पेटीची किंमत कशात असते, हे आम्हाला त्यानंतर कळले. बाहेरचे पॉलिश, नक्षी, पुढचे सात-आठ नॉब यांना फार भुलू नये. साडेतीन सप्तकांच्या पेटीला बेचाळीस पट्ट्या असतात. सुरांची एक ओळ असेल तर बेचाळीस सूर, दोन असतील तर चौऱ्याऐंशी. सूर म्हणजे पितळेची एक जीभ, एका टोकाला रिव्हेटने घट्ट बसवलेली. नर ओळीचा सूर नेहमीच्या उंचीचा, खर्ज ओळीचा त्याच्या बरोबर एक सप्तक खाली. नर सूर सेकंदाला ४४० वेळा थरथरत असेल, तर त्याच पट्टीखालचा खर्ज २२० वेळा. भाच्याचा एक मित्र ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. तो म्हणाला, ‘‘म्हणजे तुमचा खर्ज आमच्या जाड तारांसारखा. वाजत असताना लक्षात येत नाही, बंद झाला की गाणे पोकळ वाटते.’’ याहून सोपे मला सांगता येणार नाही.

खर्जाची जीभ लांब आणि जड असते, तिला हवा जास्त लागते. म्हणून भाता गळू लागला की पहिली तक्रार खर्जाकडून येते. तो उशिरा बोलतो किंवा नुसताच फुसफुसतो. जुनी पेटी घेताना भाता पूर्ण भरून खर्जाची एकच पट्टी दाबून धरावी आणि मनात अंक मोजावेत. शेजारच्या दुसऱ्या पेटीवरही तेवढेच करून पाहावे. दुकानदाराच्या बोलण्यापेक्षा हे अंक खरे सांगतात.

आमची पेटी उघडली ती कलबुर्गीच्या एका म्हाताऱ्या कारागिराने. पट्ट्यांची चौकट वर उचलून त्याने बॅटरीचा उजेड आत टाकला. पहिले वाक्य, ‘‘गाळि होगतद री.’’ ते आम्हालाही ऐकू येतच होते. मग बराच वेळ तो काही बोलला नाही. शेवटी विचारले, ‘‘इदु यार माडिदरु?’’

हे कोणी केले, याचे उत्तर माझ्याकडे होते. १९९४ साली बाबांनी पेटी दुरुस्तीला दिली होती. दुरुस्ती करणाऱ्याने सगळेच सूर बदलायला सांगितले. पैसे एका ओळीचेच होते, म्हणून फक्त नर ओळ बदलली. जुने सूर परत मागायचे असतात हे बाबांना ठाऊक नव्हते आणि त्यानेही ते दिले नाहीत. पेटी घरी आली तेव्हा अज्जा हयात होते. त्यांनी एकच आलाप वाजवला, झाकण लावले आणि त्यानंतर त्या पेटीला हात लावला नाही. थकले असतील, असे आम्ही समजलो. मी तेव्हा कॉलेजात होतो. विचारायला हवे होते.

कारागिराने खर्जाच्या ओळीवर बोट ठेवले. ‘‘हळेदु अद. मुट्टबेड्री.’’ तीस वर्षांपूर्वी पैसे कमी पडले म्हणून अज्जांचा खर्ज वाचला होता. नर नवा, खर्ज जुना. दोन्ही एकत्र वाजले की आवाज जरा भांडल्यासारखा का येतो, ते त्या दिवशी कळले.

हे सूर जर्मन आहेत का, असे भाच्याने विचारलेच. म्हातारा हसला आणि म्हणाला, आवाज चांगला आहे, गाव विचारून काय करता?

पेटीत फेरफार करूच नयेत, असे मला म्हणायचे नाही. आपली पेटी हाच मुळात एक फेरफार आहे. पॅरिसच्या देबँ यांनी १८४० च्या दशकात पेटंट घेतलेली हार्मोनियम पायाने भाता मारून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास ती हातभात्याची केली, म्हणून ती आपल्याकडे मांडी घालून बसणाऱ्या वादकापुढे आली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० मध्ये पुस्तक लिहिले आणि न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्यासोबत श्रुतींची हार्मोनियम करण्याच्या खटाटोपाला लागले. आकाशवाणीने तर १९४० पासून पेटीला दाराबाहेरच ठेवले. तिच्यातून मींड निघत नाही, तिचे सूर आपले नव्हेत, असा आक्षेप होता. १९७१ च्या सुमारास ती बंदी सैल झाली. पुढे मनोहर चिमोटे यांनी पेटीला स्वरमंडळाची जोड दिली आणि तिला संवादिनी म्हणू लागले. आपल्या बेळगावचे रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) यांनी तर पेटीला मैफलीत स्वतंत्र मान मिळवून दिला.

या मंडळींनी फेरफार केले ते आपल्याला काय ऐकायचे आहे हे ठरवून. आपण करतो ते बहुधा शेजारच्या मंडळाकडे आहे म्हणून.

स्केल चेंजरचेच पाहा. त्यात पट्ट्यांची चौकट सुरांवरून पुढे-मागे सरकते. बोटे तीच राहतात आणि पट्टी बदलते. बायका-पुरुष एकत्र गाणाऱ्या मंडळाला ही सोय मोठीच आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण सरकणारा भाग आला की वजन वाढते, हवा गळायच्या जागा वाढतात आणि दुरुस्ती अवघड होते. दरमहा गाणगापूरला एस.टी.च्या टपावरून किंवा जीपमध्ये कोंबून नेणाऱ्या मंडळाने याचा आधी विचार करावा.

भाच्याच्या डोक्यात मात्र दुसरीच कल्पना आली. अज्जांचा खर्ज काढून नव्या पेटीत बसवायचा. कारागीर म्हणाला, बसवता येईल, पण जुन्या जिभा नव्या फळीच्या खाचांत बसवायला घासाव्या लागतील. सूर टोकाशी घासला की चढतो, रिव्हेटजवळ घासला की उतरतो आणि घासलेले पितळ परत येत नाही. शिवाय तो आवाज एकट्या पितळेचा नाही, त्याखालच्या सागवानाचाही आहे. भाच्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

शेवटी ठरले ते असे. भाता नवा करायचा, पट्ट्यांखालचे चामडे बदलायचे, नर ओळ खर्जाशी मिळवून घ्यायची आणि खर्जाची नुसती धूळ झाडायची. साडेसात हजार खर्च आला. म्हणजे व्यापाऱ्याने सांगितलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे आम्ही त्याच पेटीत घातले. बायको म्हणाली, हिशेब कोणाला सांगू नका. सांगितला.

भाच्याने स्केल चेंजर घेतला नाही. मंडळातल्याच एकाकडून दोन ओळींची, साधी, वापरलेली पेटी अकरा हजारांना घेतली आणि काळी एकवर बोटे बसवायला लागला आहे. पहिला महिना त्याचे वाजवणे ऐकवत नव्हते.

गेल्या दत्तजयंतीला आम्ही हुमनाबादजवळ माणिकनगरला गेलो होतो. माणिकप्रभूंनी मराठीत पदे रचली तशी कन्नडमध्येही रचली, त्यामुळे आमच्या घरातले कोणीच तिथे परके नसते. परतल्यावर रात्री भाच्याने अज्जांची पेटी उघडली आणि नर ओळीचा नॉब बंद करून नुसता खर्ज वाजवला. आई आतल्या खोलीत झोपली होती. ती उठून दारात आली आणि कन्नडमध्ये विचारले, ‘‘अप्पांची पेटी कोण वाजवतंय?’’

पुढच्या गुरुवारी मंडळाला ती पेटी हवी आहे, असा भाच्याचा निरोप आहे. नेताना ती त्याने मांडीवर घ्यावी, एवढीच अट मी घातली आहे.