पाच व्होल्ट दिले, साडेतीनच मिळाले

कोलकात्याच्या चांदनी चौकात इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. आठ पायांची, दोन ऑप-अँप पोटात घेऊन येणारी एलएम३५८ ही चिप अशा बाजारातली सर्वांत ओळखीची.

ती पाच व्होल्टवर बफर म्हणून, म्हणजे इनपुट जसंच्या तसं आउटपुटला यावं अशी, जोडायची, इनपुटला पोटेन्शिओमीटर लावायचा आणि हळूहळू फिरवायचा. साडेतीन व्होल्टच्या आसपास मल्टिमीटरवरचा आकडा थबकतो. पुढे कितीही फिरवलं तरी तो जवळपास तिथेच. तेच आउटपुट अर्दुइनोला दिलं तर १०२३ पर्यंत जायला हवं ते वाचन सातशेच्या घरात अडकतं. पहिला संशय येतो तो चिप डुप्लिकेट असल्याचा. पण अस्सल चिपही अशीच वागते.

गैरसमज : जेवढा सप्लाय, तेवढं इनपुट चालतं.

वस्तुस्थिती : एलएम३५८च्या इनपुटला वरच्या बाजूने दीड व्होल्ट मोकळे सोडावे लागतात. आत एकावर एक असे दोन पीएनपी ट्रान्झिस्टर आणि त्यांना प्रवाह पुरवणारा स्रोत आहे. त्यांनाच एवढी जागा लागते. डेटाशीटमधला हा दीडचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा. तापमानाच्या पूर्ण पल्ल्यासाठी दोन व्होल्ट धरावे लागतात. आउटपुटचीही वरची मर्यादा साधारण तेवढीच, म्हणून बफरमध्ये दोन्ही अडचणी एकाच जागी भेटतात.

सप्लाय घटला म्हणून ही कपात घटत नाही. तीस व्होल्टांतून दीड गेले तर पाच टक्के गेले. तीन व्होल्टांतून गेले तर निम्मे.

गैरसमज : ‘सिंगल सप्लाय’ म्हणजेच ‘रेल-टु-रेल’.

वस्तुस्थिती : ‘सिंगल सप्लाय’ चिपचं इनपुट शून्यापर्यंत उतरू शकतं, वर काय होईल याची हमी त्यात नाही. रेल म्हणजे सप्लायचं वरचं किंवा खालचं टोक, आणि ‘रेल-टु-रेल’ हा शब्दही जपून वाचावा. एलएमव्ही३५८ या चिपचं आउटपुट रेल-टु-रेल आहे, इनपुट नाही. एमसीपी६००२चं मात्र दोन्ही आहे आणि ती १.८ व्होल्टवरही चालते.

१९६८ सालच्या ७४१ या ऑप-अँप चिपची गोष्ट आणखी वेगळी. अधिक-उणे पंधरा व्होल्टवर तिच्या इनपुटची हमी अधिक-उणे बारापर्यंतच, म्हणजे दोन्हीकडून तीन-तीन व्होल्ट वजा. पाच व्होल्टमधून सहा कसे वजा करणार?

गैरसमज : मर्यादा ओलांडली तर फार तर सिग्नल वरून कापला जाईल.

वस्तुस्थिती : टीएल०७२ या ऑप-अँप चिपचं इनपुट खालच्या रेलच्या फार जवळ गेलं तर आउटपुट उलटं वरच्या रेलकडे उडी मारू शकतं. कंट्रोल सर्किटमध्ये याचा अर्थ हीटर बंद व्हायच्या ऐवजी चालू राहणं.

गैरसमज : ‘अ‍ॅब्सोल्यूट मॅक्सिमम’ हीच वापराची मर्यादा.

वस्तुस्थिती : तो आकडा चिप जळू नये यासाठी असतो. एलएम३५८च्या इनपुटला ३२ व्होल्टपर्यंत इजा होत नाही. पण पाच व्होल्ट सप्लायवर ती तिथे बरोबर काम करेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. वापरासाठी पाहायची ओळ ‘इनपुट कॉमन-मोड व्होल्टेज रेंज’ची.

या मर्यादा आहेत म्हणून एलएम३५८ टाकून द्यायची गरज नाही. एलएम३५ हा तापमान-सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. कोलकात्याच्या मे महिन्यातल्या ४० अंशांना त्याचे ०.४ व्होल्ट होतात. ते आठपट केले की ३.२ व्होल्ट, आणि पाच व्होल्टवरची तीच चिप हे काम बिनतक्रार करते.